मुलांचे खेळ आणि संगतीचा पाठ

कोणत्याही ग्रंथाचा पाठ सुरू करण्यापूर्वी पाठशाळेतले आमचे गुरुजी चार गोष्टी आधी पक्क्या करून घेत. विषय कोणता, प्रयोजन कोणते, अधिकारी कोण, आणि या साऱ्यांचा एकमेकांशी संबंध काय. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. या लेखाचा विषय आहे मुलांनी मिळून खेळावयाचे खेळ. त्यांत मोबाईल लागत नाही, टीव्ही लागत नाही. लागतात ते फक्त सवंगडी. प्रयोजन हे की मुलांस शहाणपण यावे आणि एकमेकांची संगत लाभावी. अधिकारी म्हणजे ज्यांच्या घरी, आळीत, दिंडीत किंवा मंदिराच्या आवारात मुले आहेत ते सर्व आजी-आजोबा, आईबाप आणि विणेकरी मंडळी. राहिला संबंध. "महाराज, खेळाचा आणि परमार्थाचा काय हो संबंध?" असे कोणी विचारील. म्हणून आरंभी तोच उलगडून मग खेळांकडे वळू.

वारकऱ्याला खेळ परका नाही

'क्रीडा' हा शब्द 'क्रीड्' या धातूपासून आला. धातुपाठात त्याचा अर्थ 'विहार' असा दिला आहे. विहार म्हणजे मोकळेपणाने हिंडणे, मजेत वावरणे. बसल्या जागी मान खाली घालून अंगठा सरकवीत राहणे याला विहार म्हणवत नाही. हा अर्थ लावायला व्याकरणही नको, पोराची मान पाहिली तरी पुरे.

वारकरी संप्रदायाने खेळाला कधी कमी लेखले नाही. माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबापाशी होते आणि पुढे वाखरीपर्यंत गोल रिंगणे होतात. ज्यांनी ही रिंगणे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. अश्व धावून गेले की मागे काय होते? साठी-सत्तरीची माणसे टाळ सावरून पावली घालतात, उडीचे खेळ रंगतात, कोणी हुतुतू धरतो, आयाबाया पदर खोचून फुगडी घालतात. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, तेव्हाही तेच. गुडघे दुखतात म्हणून एरवी पायरी न चढणारी आजी त्या दिवशी फुगडीला उभी राहते. जी गोष्ट आपण म्हातारपणी देवापुढे करतो, ती आपल्या नातवंडांना लहानपणी करायला मिळत नसेल, तर हा उलटा कारभार झाला.

संतांनीही खेळांवर रूपके रचली. सोळाव्या शतकात नाथमहाराजांनी फुगडी, हमामा, हुतुतू, एकीबेकी अशा खेळांतून परमार्थ सांगितला. सतराव्या शतकात तुकोबारायांनी टिपरी, विटूदांडू, चेंडूफळी हे खेळ अभंगांत आणले. रूपक कशावर करावे? जे ऐकणाऱ्याच्या अंगवळणी आहे त्यावर. त्या काळचे पोर न् पोर ते खेळ खेळत होते, म्हणून रूपक ऐकताक्षणी उमजत असे. आज आम्ही कीर्तनात फुगडीचे रूपक मांडतो तेव्हा म्हाताऱ्या माना डोलावतात आणि मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. खेळच पाहिला नाही, तर रूपक कसे कळावे? तेव्हा खेळ गेला म्हणजे नुसता खेळ गेला असे होत नाही. संतवाङ्मयाकडे जाणारी एक पायवाटही बुजते.

आणि काल्याच्या कीर्तनाचा विषय तरी कोणता? भगवंताच्या बाललीला. भागवताच्या दशम स्कंधातील अठराव्या अध्यायात गोपाळांच्या एका खेळाची कथा आहे. गोपाळांचे दोन पक्ष पडले. एकाकडे श्रीकृष्ण, दुसऱ्याकडे बलराम. पण असा की हरलेल्याने जिंकलेल्याला पाठीवर घेऊन भांडीर वडापर्यंत न्यावे. झाले असे की श्रीकृष्णाचा पक्ष हरला. मग साक्षात भगवंताने श्रीदामा नावाच्या गड्याला पाठीवर घेतले आणि वाहून नेले. देवाने 'मी देव आहे, मला सूट द्या' असे म्हटले नाही. खेळ सोडून घरी गेला नाही. ज्या मुलाला आपला पण पाळता येतो आणि हरल्यावर हसत दुसऱ्याला खांद्यावर घेता येते, त्याचे अर्धे शिक्षण झाले असे समजावे. संबंध तो हा.

पूर्वपक्ष आणि त्याचे उत्तर

शास्त्राच्या रीतीप्रमाणे समोरच्याचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की मोबाईलवरही मुले शिकतात. मग त्याला नावे का ठेवता? हे म्हणणे टाकाऊ नाही. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा कित्येक घरी अभ्यास मोबाईलवरूनच पोहोचला. अभंगाच्या चाली, प्रवचने आजही त्यावर ऐकता येतात. यंत्राशी आमचे वैर नाही. परंतु यंत्रावर एक गोष्ट शिकता येत नाही, ती म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा वाचणे. यंत्रातला खेळ मुलाला नको वाटला की बोट लावून बंद होतो. समोरचा गण्या असा बंद होत नाही. तो रुसतो, त्याची समजूत घालावी लागते. तो चिडी खातो, त्याच्याशी भांडून पुन्हा त्याच्याशीच खेळावे लागते. हे भांडून पुन्हा खेळणे हाच संसाराचा पहिला धडा. लहान मुलांबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे की एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त दाखवू नये; त्याहून कमी तितके चांगले. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी निदान साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे त्याच संघटनेचे २०२० सालचे सांगणे आहे. ही साठ मिनिटे लगोरीत कधी सरतात ते मुलांना कळतही नाही.

दुसरा आक्षेप: खेळात अभ्यास बुडतो. अभ्यास बुडतो तो खेळाने की पडद्याने, हे ज्याने त्याने आपल्या घरी आठ दिवस घड्याळ लावून पाहावे. आमच्या सांगण्यावर विसंबू नये.

तिसरा आक्षेप, मुले ऐकतच नाहीत. याला उत्तर एका गावाने दिले आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ साली त्या गावाने ठरवले की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. तो वेळ त्यांनी मुलांच्या अभ्यासासाठी आणि माणसांनी माणसांशी बोलण्यासाठी राखला. यातले मर्म ध्यानात घ्यावे. भोंगा नुसता मुलांसाठी वाजत नव्हता, तो घरातल्या थोरांसाठीही होता. बाप खाटेवर पडून मोबाईल पाहतो आणि पोराला म्हणतो, "जा, बाहेर खेळ!" असल्या उपदेशाला मुले दाद देत नाहीत आणि देऊही नयेत. ज्याने स्वतः गूळ सोडला नाही त्याने दुसऱ्याला गूळ सोड म्हणू नये, ही गोष्ट आपण कीर्तनात नेहमी सांगतो.

आता सिद्धान्ताकडे येऊ. मुलांच्या हातून वस्तू नुसती काढून घेतली तर हात रिकामा राहतो, आणि रिकामा हात पुन्हा तिकडेच जातो. त्या हातात दुसऱ्या मुलाचा हात दिला पाहिजे. ते काम हे खेळ करतात. कसे करतात ते एकेक पाहू.

लगोरी: मोडलेले रचावे

फरशीचे किंवा खापराचे सात चपटे तुकडे आणि चिंध्यांचा एक चेंडू, इतके साहित्य. तुकडे एकावर एक रचायचे. एका बाजूचा गडी चेंडू मारून लगोरी फोडतो, आणि खरा खेळ तेथून सुरू होतो. ज्यांनी फोडली त्यांनीच ती पुन्हा रचायची, आणि रचताना दुसरी बाजू चेंडू मारून त्यांना बाद करणार. म्हणून एकजण रचतो, दुसरा चेंडू चुकवीत शत्रूचे लक्ष आपल्याकडे ओढतो, तिसरा लांब गेलेला तुकडा पायाने सरकवून आणतो. फोडायला एक क्षण पुरतो आणि रचायला सर्वांची गरज लागते. घर, गाव, मैत्री, सगळ्यांचे असेच आहे. हे मुलाला व्याख्यान देऊन सांगू नये. दोन डाव खेळू द्यावे आणि मग हळूच विचारावे, "फोडणं सोपं का रचणं?" उत्तर त्याच्याच तोंडून येते.

विटीदांडू: मोजणे आणि खरे बोलणे

या खेळात गणित आहे. विटी कोलल्यावर किंवा टोलावल्यावर ती गल्लीपासून किती दांडू लांब पडली हे मोजतात. पुष्कळ गावी ही मोजणी एक, दोन, तीन अशी करत नाहीत. वकट, लेंड, मूंड, नाल अशी करतात, आणि कोणत्या आकड्यावर मोजणी संपली त्यावरून विटी पुढे कोणत्या तऱ्हेने मारायची ते ठरते. हे शब्द आले कोठून? तेलुगूत एकाला ओकटि, दोनाला रेंडु, तिनाला मूडु, चाराला नालुगु म्हणतात. शेजारच्या भाषेचे आकडे आपल्या पोरांच्या तोंडी खेळातून येऊन बसले आणि पिढ्यान् पिढ्या टिकले. आपण ज्याला कानडा विठ्ठल म्हणतो त्याच्या दारी कन्नड, तेलुगू, मराठी अशा सर्व भाषांचे लोक येतात. भाषा अशी संगतीने एकमेकींत मिसळते, हे मुलांना आवर्जून दाखवावे.

दुसरी गोष्ट सत्याची. मोजणारा गडी दांडू थोडा तिरका टाकील, एखादे माप जास्त म्हणेल. वर पंच नाही. त्याला धरणारे दुसरे गडीच. येथे खोटे लगेच उघडे पडते आणि खोटे बोलणाऱ्याला उद्या कोणी आपल्या बाजूला घेत नाही. मात्र सावधगिरी हवी. विटी उडून डोळ्याला लागते, म्हणून लहान मुलांना समोर उभे करू नये आणि हा खेळ मोकळ्या रानातच खेळावा.

खो-खो: वीणा आणि खो

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले असे सांगतात. खेळ अर्थातच त्याहून जुना. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. मातीतला खेळ जगापुढे गेला याचा आनंद आहेच. पण आम्हाला या खेळाचे कौतुक वाटते ते दुसऱ्याच कारणाने.

आठ गडी एका ओळीत बसतात, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे. नववा पळतो. पळणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, आणि बसलेल्यांची ओळ मधूनच ओलांडता येत नाही. पलीकडे जायचे तर खांबाला वळसा घातला पाहिजे. मग समोरून निसटलेला गडी धरायचा कसा? ज्याचे तोंड तिकडे आहे त्या बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचे, आपण त्याच्या जागी बसायचे, आणि काम त्याच्यावर सोपवायचे. म्हणजे धावणाऱ्याला आपली मर्यादा ओळखता आली पाहिजे, आणि बसलेल्याने बसल्या जागी जागे असले पाहिजे. खो मिळण्याआधी उठला तरी चूक, मिळाल्यावर झोपून राहिला तरी चूक.

आता सप्ताहातला पहारा आठवावा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायचा नसतो. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, आणि नाम खंडत नाही. वीणा देणारा 'माझ्याशिवाय कसे होईल' असे म्हणत नाही; घेणारा 'मलाच का' असे म्हणत नाही. आम्हाला तर खो आणि वीणा यांची रीत एकच दिसते. पुष्कळ गावी हल्ली तक्रार ऐकू येते की रात्रीच्या पहाऱ्याला तरुण मंडळी मिळत नाहीत. जो मुलगा एकटाच बसून यंत्राशी खेळला, तिथे सगळे काम त्याच एकट्याचे. त्याला ना कोणाकडून काही घ्यावे लागले, ना कोणाला द्यावे लागले. त्याच्या गळ्यात वीणा घालायचा तर आधी त्याच्या पाठीवर खो पडला पाहिजे.

हुतुतू आणि फुगडी

हुतुतू म्हणजेच कबड्डी. एका दमात परपक्षात शिरायचे, तोंडाने शब्द चालू ठेवायचा आणि दम सुटण्याआधी परतायचे. चाल म्हणणाऱ्या मुलांना दम सांभाळण्याची सवय येथे आपोआप लागते. या खेळाचे पूर्वी तीन प्रकार मानीत: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या बाजूने दुसऱ्याचा गडी मारला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. गामिनीत एकदा बाद तो डाव संपेपर्यंत बादच. अमर प्रकारात कोणी बाहेर जात नाही, फक्त गुण मोजतात. लहान मुलांना आधी अमर खेळवावा, मग संजीवनी, आणि दहा-बारा वर्षांनंतर गामिनी. अगदी पहिल्या दिवशी बाहेर बसवलेले पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

फुगडीला काहीच साहित्य लागत नाही. दोघांचे चार हात पुरतात. हात घट्ट धरून दोघींनी मागे झुकायचे. माझा तोल तुझ्या हाती, तुझा माझ्या हाती. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. विश्वास म्हणजे काय याची याहून सोपी व्याख्या आम्हाला कोणत्याही पोथीत सापडलेली नाही. फुगडी मुलींचीच असेही मानू नये. वारीत पुरुषही घालतात, मग गल्लीत मुलांनी का घालू नये? तसेच खो-खो आणि लगोरीत मुलींना आग्रहाने घ्यावे.

पावसाळी दिवसांसाठी बैठे खेळ

आषाढात पाऊस लागला की मैदान गेले. त्या वेळी ओसरीवर बसून खेळायचे खेळ असतात. मुठीत चिंचोके धरून सम का विषम ओळखायची ती एकीबेकी. याने लहानांचे अंक पक्के होतात. सागरगोट्यांनी हात आणि डोळा एकत्र चालायला शिकतात.

भेंड्या सर्वांना ठाऊक आहेत. वारकऱ्यांच्या घरी त्या अभंगांच्या खेळाव्या. एका बाजूने अभंगाचे एक चरण म्हणावे, शेवटच्या अक्षरावरून दुसरीने नवा अभंग काढावा. आम्ही पाठशाळेत श्लोकांच्या भेंड्या खेळत असू; परीक्षेसाठी घोकलेले पुढे विसरले, पण भेंड्यांत हरू नये म्हणून पाठ केलेले आजही जिभेवर आहे. एक सूचना मात्र करतो. आजीला एका बाजूस आणि मुलांना दुसऱ्या बाजूस बसवावे. आजीजवळ किती साठा आहे हे नातवांना तेव्हाच प्रथम कळते, आणि कित्येक घरी आजीशी बोलण्याचे निमित्तही तेच ठरते.

कानगोष्टींचा खेळही फार गुणाचा. दहा-बारा मुलांनी गोल बसावे. पहिल्याने एक वाक्य दुसऱ्याच्या कानात सांगावे, त्याने तिसऱ्याच्या. शेवटचा मोठ्याने म्हणतो तेव्हा भलतेच काही निघते आणि सगळे लोळण घेतात. हसून झाले की मुलांना दोन गोष्टी सांगाव्या. एक, गावातली निंदा अशीच फिरते. म्हणून ऐकलेले पुढे सांगताना जपावे. दुसरी, आपल्या पूर्वजांनी वेद हजारो वर्षे तोंडातोंडीच सांभाळले. शब्द बदलू नये म्हणून त्यांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीती काढल्या. तेच शब्द सुटे करून, जोडीने, उलटसुलट म्हणत. मग खेळ पुन्हा मांडावा आणि नियम करावा की ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला वाक्य परत म्हणून दाखवायचे. आता वाक्य बरेचसे जसेच्या तसे पोहोचते. पाठांतराचे महत्त्व मुलांना असे आपल्या कानांनी पटते.

मुलांचा स्वतःचा धर्मशास्त्र

जुन्या खेळांत मुलांनी स्वतःच काही नियम करून ठेवले आहेत, त्यांकडे थोरांचे लक्ष जात नाही. राज्य कोणावर हे ठरवायला मुले तळहात उलटसुलट टाकून चकतात. त्यात श्रीमंताचा मुलगा, पाटलाचा मुलगा असा भेद राहत नाही. दम लागला, काटा बोचला तर 'टाइम्प्लीज' म्हटले की खेळ थांबतो. आणि सर्वांत गोड म्हणजे लिंबूटिंबू. चार वर्षांचे धाकटे भावंड मागे लागले तर त्याला हाकलत नाहीत. तो लिंबूटिंबू. तो पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही. खेळ समजू लागला की एके दिवशी आपोआप खरा गडी होतो. दुर्बळाला बाहेर न काढता त्याच्यासाठी नियम वाकवायचा, ही करुणा मुलांना कोणी शिकवली? खेळाने शिकवली.

याच ठिकाणी थोरांनी एक गोष्ट पाहावी. खेळात कोण आहे हे सगळे पाहतात. कोण नाही हे पाहावे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीच्या टोळ्या गावोगाव येतात आणि पुढे चार-पाच महिने कोप्यांत राहतात. त्यांची मुले संध्याकाळी मंदिराच्या कडेला उभी राहून गावातल्या मुलांचा खेळ पाहतात. त्यांना कोणी हाकलत नाही आणि कोणी बोलावतही नाही. कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही एका गावी होतो, तेथे असेच खो-खोला दोन गडी कमी पडले. मुले आपसात कुजबुजली आणि त्यांतल्या एकाने कडेच्या दोघांना हाक मारली, "ए, येता का?" ती दोघे वाऱ्यासारखी पळाली. त्या रात्री कीर्तनाला ती सर्व मुले एका सतरंजीवर बसलेली आम्ही पाहिली. आपण वाळवंटात एकमेकांच्या पाया पडतो आणि जात-कूळ विचारीत नाही, हे भूषण सांगतो. मुलांना ते सांगून कळत नाही. पाठीवर खो पडला, हातात हात आला, म्हणजे कळते.

आरंभ कसा करावा

हे सर्व वाचून मान डोलावली आणि पान उलटले, असे होऊ नये म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो.

१. वेळ ठरवावी. संध्याकाळी हरिपाठाआधीचा एक तास सर्वांत उत्तम. स्थळ मंदिराचे आवार, शाळेचे पटांगण किंवा शहरात सोसायटीचा चौक. जागा लहान असेल तर फुगडी, कानगोष्टी, भेंड्या यांना चार खणही पुरतात.

२. दाराशी एक टोपली ठेवावी. आधी थोरांनी आपले मोबाईल तीत ठेवावे, मग मुलांना सांगावे. उलट क्रम चालत नाही.

३. बाजू पाडताना दोन नायकांनी एकेक गडी निवडण्याची रीत टाळावी. त्यात जो शेवटी उरतो त्याच्या मनाला ते लागते. चकून किंवा एक-दोन मोजून बाजू पाडाव्या.

४. भांडण झाले की लगेच धावू नये. मुले आपले आपण मिटवतात. कोणाला लागले किंवा एकालाच सगळे छळू लागले, तरच मध्ये पडावे.

५. बक्षिसे ठेवू नयेत. बक्षीस ठेवले की आईबाप भांडू लागतात आणि खेळ मुलांचा राहत नाही.

६. शेवटी सर्वांनी गोल उभे राहून एकमेकांस नमस्कार करावा आणि तसेच हरिपाठाला बसावे. घामाघूम झालेले पोर हरिपाठात चुळबुळ करत नाही, हा आमचा नेहमीचा पडताळा आहे.

७. पहिल्या दिवशी चारच मुले आली तर नाउमेद होऊ नये. चौघे मनापासून खेळू लागले की त्यांचा आरडाओरडा हेच आमंत्रण. पाचवे आपण होऊन येते.

ज्या आजोबांचे पाय चालत नाहीत त्यांनी ओट्यावर बसून नियम सांगावे. गावोगावचे नियम वेगळे आहेत, आणि ते बहुतेक कोठे लिहिलेले नाहीत. तुमच्या पिढीच्या डोक्यात आहेत. तुम्ही ते सांगितले नाहीत तर ते तुमच्याबरोबर जातील. लगोरी फुटल्यावर काय ओरडायचे, विटीची गल्ली केवढी खणायची, एवढे लहानसे ज्ञान. पण त्यावर चार पिढ्यांची मुले एकमेकांशी जोडली गेली. आपण पोथी पुढच्याच्या हाती देतो, वीणा देतो, वारीचा नेम देतो. त्याच हाताने खेळही द्यावा.

येत्या एकादशीची वाट न पाहता उद्या संध्याकाळीच चार मुलांना हाक मारावी, एवढी या पाठाची दक्षिणा आम्ही मागतो. राम कृष्ण हरी.